विक्रेता कोठडीत, बंदुका मालखान्यात: जमा शस्त्रांचा पैसा कसा सोडवायचा

शस्त्रविक्रेत्याला अटक होते, परवाना निलंबित होतो, दुकानातला माल पोलीस ठाण्यात जातो. मग घरचे लोक कुणाकडून तरी अर्ज लिहून आणतात. विषय असतो: "जमा शस्त्रांची शासनाकडून नुकसानभरपाई मिळणेबाबत." जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज आवक होतो, पोच मिळते, घरी हायसे वाटते. पुढे काहीच घडत नाही, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अशी भरपाई देणारे कलमच नाही. अर्ज दप्तरी दाखल होतो आणि खऱ्या हक्काची मुदत मात्र चालू राहते.

ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि ब्रिटनने १९९७ मध्ये लोकांच्या बंदुका पैसे मोजून जमा करून घेतल्या, हे कुणीतरी मोबाइलवर वाचलेले असते. त्या देशांनी त्यासाठी वेगळी तरतूद केली होती. आपल्या कायद्यात कलम २१ आहे. जमा केलेले शस्त्र परत घेण्याचा, किंवा ते बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकून त्याची रक्कम घेण्याचा हक्क हे कलम देते. म्हणजे पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही, गिऱ्हाइकाकडून येतो. सरकारकडून फक्त वाट मोकळी करून घ्यायची असते.

मराठवाड्यातल्या जिल्हा न्यायालयांत अशी कामे करताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पायऱ्यांचा क्रम चुकला तर नंतर दुरुस्तीला सहा-सहा महिने जातात, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

सर्वांत आधी: दुकानाच्या किल्लीला हात लावू नका

विक्रेत्याला नेले की भाऊ किंवा मुलगा दुकान उघडतो आणि "माल सुरक्षित राहावा" म्हणून दोन-चार बंदुका घरी आणतो. परवाना विक्रेत्याच्या नावावर आहे, भावाच्या नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. एक माणूस आत असताना दुसऱ्याची सोय करून ठेवू नका.

माल अजून दुकानातच असेल तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवा की दुकान बंद आहे, किल्ली अमुक माणसाकडे आहे आणि माल पंचनामा करून ताब्यात घ्यावा. कलम २१ नुसार ठाण्याऐवजी दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडेही माल जमा करता येतो. हा पर्याय हातात असेल तर मी तोच सुचवतो. भाडे द्यावे लागते, पण तिथे नळीला वेळच्या वेळी तेल लावले जाते. मालखान्यात, म्हणजे ठाण्यातल्या जमा मालाच्या खोलीत, बंदूक गाठोड्यांच्या आणि जप्त मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या शेजारी पडून राहते.

पायरी १: कागद वाचा. जमा, जप्त की सरकारजमा?

बोलताना सगळे "बंदुका जप्त झाल्या" असेच म्हणतात. कायद्यात मात्र या वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीचे दार वेगळे आहे.

जमा: परवाना संपला, निलंबित झाला किंवा रद्द झाला म्हणून शस्त्र ठेवणे बेकायदेशीर ठरले आणि ते ठाण्यात दिले. हे कलम २१. मालकी तुमचीच राहते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे.

जप्त: गुन्ह्याच्या तपासात पुरावा म्हणून घेतले. जप्ती पंचनाम्यावर गुन्हा नोंद क्रमांक असतो. अशा मुद्देमालाबाबत फौजदारी न्यायालय ठरवते, गृह शाखा नाही.

सुरक्षित ताब्यात: कलम २२ खाली दंडाधिकाऱ्यांनी सार्वजनिक शांततेच्या कारणावरून झडती घेऊन ठेवून घेतले. ही अवस्था कमी दिसते, पण दिसली तर आदेशाची प्रत मागून घ्या, कारण परवाना वैध असतानाही असा ताबा घेता येतो.

सरकारजमा: इथे मालकीच गेली. दोषसिद्धीनंतर न्यायालयाने कलम ३२ खाली तसा आदेश दिला, किंवा जमा मालाबाबत मुदतीत काहीच केले नाही म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम २१(३) खाली दिला.

एकाच दुकानातला माल दोन अवस्थांत असू शकतो. कपाटातली दोन पिस्तुले गुन्ह्यात जप्त आणि उरलेला साठा जमा, हे नेहमीचेच आहे. एका अर्जात दोन्ही कोंबले की गृह शाखा म्हणते न्यायालयात जा आणि न्यायालय म्हणते कलेक्टर कचेरीत जा.

स्थानबद्धतेबद्दल एक गोष्ट. विक्रेत्याला "एमपीडीए" म्हणजे धोकादायक कारवायांना आळा घालणाऱ्या १९८१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली प्रतिबंधक म्हणून स्थानबद्ध केले असेल, तर ती शिक्षा नव्हे, दोषसिद्धीही नव्हे. त्यामुळे निव्वळ स्थानबद्धतेवरून कलम ३२ चे सरकारजमा होऊ शकत नाही. "साहेबांना वर्षभर आत टाकलं, म्हणजे माल गेलाच" असे धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. माल गेलेला नसतो.

तपासा: तुमच्या हातात (क) निलंबनाचा किंवा रद्द केल्याचा आदेश, (ख) जमा पावती, (ग) जप्ती पंचनामा यांपैकी काय काय आहे? जे नाही त्यासाठी आजच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. ठाणे दाद देत नसेल तर माहिती अधिकारात मुद्देमाल नोंदवहीतल्या नोंदीची प्रत मागा. तिथे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पायरी २: आतल्या माणसाचा अधिकार बाहेर आणा

कलम २१(२) प्रमाणे हक्क "जमा करणाऱ्याचा" आहे. तो स्वतः विल्हेवाट लावू शकतो किंवा दुसऱ्याला त्यासाठी अधिकार देऊ शकतो. हा दुसरा भाग वाट काढून देणारा आहे, कारण विक्रेता हर्सूल कारागृहात बसूनही तो वापरू शकतो. बायकोने स्वतःच्या सहीने केलेला अर्ज मात्र चालत नाही, मग ती कितीही हक्काची असो.

लागतात ते कागद असे. वकीलपत्र, ज्यावर कैद्याची सही आणि कारागृह अधिकाऱ्याचे साक्षांकन हवे. त्याबरोबर अधिकारपत्र, ज्यात तीन कामे स्पष्ट लिहिलेली हवीत: अर्ज करणे, विक्री ठरवणे, रक्कम स्वीकारणे. "माझ्या वतीने सर्व कामे पाहतील" एवढेच लिहिले तर रक्कम देताना अडवतात. मुखत्यारपत्र नोंदवायचेच असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे कारागृहातल्या माणसाला निबंधक कार्यालयात यावे लागत नाही; निबंधक स्वतः जाऊन किंवा आयोग नेमून खात्री करून घेऊ शकतो. फार थोड्या लोकांना हे माहीत असते, अगदी कचेरीतही.

याच दिवशी आणखी एक पत्र द्या, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे आहे. परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याला कळवा: "परवानाधारक सध्या अमुक कारागृहात आहेत. यापुढील सर्व नोटिसा कारागृह अधीक्षकांमार्फत त्यांना व खालील पत्त्यावर त्यांच्या मुखत्यारास द्याव्यात."

हे पत्र न दिल्याने काय होते ते एकदा जवळून पाहिले. माल सरकारजमा का करू नये अशी नोटीस दुकानाच्या पत्त्यावर निघाली. दुकानाला कुलूप होते म्हणून शटरवर डकवली गेली आणि पहिल्याच वळवाच्या पावसात गळून पडली. विक्रेत्याच्या घरच्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पदराच्या टोकात तो ओला कागद बांधलेला होता. शेजारच्या पानटपरीवाल्याने उचलून ठेवलेला. "वकील साहेब, हे काय आहे बघा बरं." मी तारीख पाहिली. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि चौतीस दिवस झाले होते.

पायरी ३: मालाचे तीन ढीग करा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. विक्रेत्याच्या दुकानात असलेले प्रत्येक शस्त्र विक्रेत्याचे नसते.

पहिला ढीग, विक्रीसाठी आणलेला स्वतःचा साठा. दुसरा, गिऱ्हाइकांनी सुरक्षित ठेवायला दिलेली शस्त्रे: निवडणुकीच्या काळात जमा केलेली, परवान्याचे नूतनीकरण अडकले म्हणून ठेवलेली, वडील वारले आणि वारसाचा परवाना व्हायचा आहे म्हणून दिलेली. तिसरा, दुरुस्तीला आलेली. पंचनाम्यात पोलीस हे तिन्ही एकाच यादीत, एकाखाली एक लिहितात. त्यांना फरक कळायला मार्ग नसतो. तो तुम्ही दाखवायचा.

दुसऱ्या-तिसऱ्या ढिगातला माल विक्रेत्याच्या अर्जात घातला तर दोन घोटाळे होतात. ज्याची बंदूक आहे तो हरकत घेतो आणि पूर्ण अर्ज थांबतो. शिवाय दुसऱ्याचे शस्त्र विकायला निघाल्याचे कागदावर येते, तेही आधीच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाच्या नावाने. त्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवा. त्यांनी दुकानाची जमा पावती, आणि परवाना चालू असेल तर तोही जोडून स्वतंत्र अर्ज करायचा. ज्यांचा परवाना चालू आहे त्यांचा मार्ग सोपा आहे.

यादी कशी करावी? नोंदवहीतली ओळ आणि पंचनाम्यातली ओळ शेजारी शेजारी ठेवून. एका बंदुकीची ओळ अशी दिसली पाहिजे: "डबल बार बारा बोअर बंदूक, बनावट व कारखान्याचे नाव, नळीवरील क्रमांक, खालच्या भागावरील क्रमांक, दस्त्याला उजव्या बाजूस दोन इंच चीर, खरेदी बिल क्रमांक व दिनांक, साठा नोंदवही पान क्रमांक, पंचनामा अनुक्रमांक." फक्त "एक बारा बोअर जुनी बंदूक" अशी नोंद असलेली यादी निरुपयोगी आहे, तशा बंदुका त्या मालखान्यात आणखी सात असतात.

क्रमांक वाचताना फसगत होते. इंग्रजी ओ आणि शून्य, एक आणि सात, तीन आणि आठ हे घासलेल्या पोलादावर सारखे दिसतात. पंचनामा लिहिणाऱ्याने घाईत चुकीचा आकडा टिपला असेल तर आताच लेखी निदर्शनास आणा. विक्रीची परवानगी मिळाल्यावर खरेदीदाराच्या नोंदीत क्रमांक जुळला नाही, तर तो माल हातात घेणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

मराठवाड्यात आणखी एक प्रकार निघतो: निजामाच्या काळापासून चालत आलेल्या ठासणीच्या बंदुका, कधी उर्दूतल्या जुन्या परवान्यासकट. जे जुने शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते कलम ४५ प्रमाणे अधिनियमाच्या बाहेर राहते. पण ते आपण ठरवायचे नाही. तज्ज्ञाचा अभिप्राय मागा आणि तोवर ते यादीत वेगळ्या शीर्षकाखाली ठेवा.

काडतुसांची यादी वेगळी करा, बोअरनुसार आणि नगांत. ठासणीसाठीची दारू दुकानात असेल तर तिला स्फोटकांचा कायदा लागतो. ती शस्त्रांच्या अर्जात घालू नका.

चुकते कुठे: दुकानाच्या मूळ नोंदवह्याही पोलिसांनी नेलेल्या असतात आणि घरचे लोक आठवणीवर यादी करतात. आठवणीवर यादी नको. नोंदवह्यांच्या प्रमाणित प्रती मागा; मिळेपर्यंत पुरवठादारांकडून जुन्या बिलांच्या प्रती आणि जीएसटीच्या विवरणपत्रांतून खरेदी जुळवा.

पायरी ४: परवाना जिवंत आहे का?

निलंबन आणि रद्द होणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परवाना निलंबित असेल तर त्या परवान्यात येणारा माल निलंबनाच्या काळात सरकारजमा करता येत नाही. कलम २१(३) च्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, तसे स्पष्ट आहे. हे संरक्षण फार मोलाचे आहे आणि लोक ते स्वतःच्या हाताने घालवतात.

कसे? विक्रेता आत आहे, परवाना निलंबित आहे, आणि मधेच परवान्याची मुदतच संपते. "निलंबितच आहे तर नूतनीकरण कशाला" असे म्हणून कुणी अर्ज करत नाही. मग माल निलंबित परवान्याचा राहत नाही, संपलेल्या परवान्याचा होतो, आणि ढाल गळून पडते. निलंबन असले तरी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आत, शुल्क भरून टाका. नामंजूर झाला तर निदान अपिलाला जागा राहते.

आदेश रद्द करण्याचा असेल तर कलम १८ खाली अपील. त्याची मुदत नियमांनी बांधलेली आहे, म्हणून आदेश मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा आणि महिना उलटू देऊ नका. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. कोठडीत असणे हे सांगता येण्यासारखे कारण आहे, पण कारागृहाचा दाखला जोडा. अपिलासोबत आदेशाची कारणे जोडावी लागतात; ती दिली नसतील तर कलम १७(५) चा आधार घेऊन मागा.

अपील दाखल केले की आदेश आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि त्यात "माल सरकारजमा करू नये" ही मागणी स्वतंत्र वाक्यात लिहा. आदेश सरकारने किंवा सरकारच्या निर्देशावरून दिला असेल तर हे अपील चालत नाही. मग उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे रिट हा मार्ग.

पायरी ५: कलम २१(२) चा अर्ज

आता खरा अर्ज. विषयाची ओळ अशी लिहा:

"शस्त्र अधिनियम, १९५९ कलम २१(२) अन्वये जमा शस्त्रे व काडतुसे परवानाधारक विक्रेत्यास विकण्यास अनुमती व विक्रीची रक्कम मिळणेबाबत."

कोणाला लिहायचा? मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. छत्रपती संभाजीनगर शहरात मात्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत या कायद्यापुरता "जिल्हादंडाधिकारी" म्हणजे पोलीस आयुक्त. कलम २ मध्येच तशी व्याख्या आहे. शहरातल्या दुकानाचा अर्ज कलेक्टर कचेरीत देऊन दोन महिने घालवलेले लोक आहेत. ग्रामीण हद्दीतले दुकान असेल तर उलटे.

अर्ज कधी? जमा मालावरचा हक्क नियमांत ठरवलेल्या मुदतीपुरता असतो. ती तुमच्या बाबतीत नेमकी कोणत्या तारखेला संपते, हे गृह शाखेला लेखी विचारा. मी स्वतः अशी वाट पाहत नाही. जमा पावती हातात आल्यापासून पहिल्या महिन्यात अर्ज आत गेलाच पाहिजे असा माझा हिशोब असतो.

अर्जात क्रम असा ठेवा. आधी परवान्याचा तपशील आणि आदेशाची तारीख. मग कोणत्या तारखेला, कोणत्या ठाण्यात, कोणत्या पावतीने माल जमा झाला. मग यादी, फक्त पहिल्या ढिगातली. मग हे स्पष्ट विधान की यादीतील एकही शस्त्र कोणत्याही गुन्ह्यात जप्त नाही आणि त्याबाबत कलम ३२ खाली आदेश नाही. कारण तसा आदेश असलेला माल कलम २१(२) मधून सुटत नाही. मग खरेदीदार. सगळ्यात शेवटी मागणी.

खरेदीदाराशिवाय अर्ज करणे ही नेहमीची चूक. "परवानगी द्या, मग गिऱ्हाईक शोधू" असे म्हटले की फाईल फिरत राहते. दुसरा परवानाधारक विक्रेता आधी गाठा. त्याच्या परवान्यात त्या प्रकारचे आणि तितके शस्त्र ठेवायला जागा आहे का ते पाहा, आणि त्याचे संमतिपत्र, परवान्याची प्रत आणि देऊ केलेली किंमत जोडा. किरकोळ गिऱ्हाइकांना एकेक बंदूक विकण्याच्या नादी लागू नका. वीस गिऱ्हाईक म्हणजे वीस परवाने, वीस पडताळण्या.

किंमत कमी येते, हे आधीच मनाशी धरा. अडलेल्या विक्रेत्याचा माल आहे हे समोरच्याला माहीत असते. पण दोन विक्रेत्यांची लेखी देकार-पत्रे घेतली तर भाव थोडा सुधारतो, आणि उद्या भागीदाराने किंवा भावाने "कवडीमोलाने विकलं" म्हटले तर कागद दाखवता येतो. मालावर बँकेचे कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत आधी. नाहीतर रक्कम खात्यात येताच बँक धरते आणि तुमचा वकीलही हात वर करतो.

तपासा: रक्कम धनादेशाने किंवा खात्यावरच, विक्रेत्याच्या नावाने. रोख घेऊ नका, एक रुपयाही.

पायरी ६: कारणे दाखवा नोटीस

मुदतीत परत घेतले नाही, विकलेही नाही, तर जिल्हादंडाधिकारी सरकारजमा करण्याआधी नोटीस देतात. नोटीस बजावल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचे. जमा करणारा मृत असेल तर नोटीस त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला द्यावी लागते. इथे तलाठ्याकडची फेरफार नोंद पुरत नाही; दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र काढायला लगेच द्या आणि तसा अर्ज केल्याची प्रत उत्तराला जोडा.

उत्तर लांबलचक नको. प्रलंबित अपील, प्रलंबित नूतनीकरण, कलम २१(२) चा दिलेला अर्ज आणि त्याची पोच, आणि परवाना निलंबित असल्यास परंतुक. एवढे चार मुद्दे. "गरिबी आहे, लेकरं लहान आहेत" हे शेवटच्या ओळीत लिहा, पहिल्या नको.

वर सांगितलेल्या चौतीस दिवसांच्या प्रकरणात आम्ही उत्तरासोबत हे मांडले की माणूस कारागृहात असल्याचे शासनालाच ठाऊक होते, तरी नोटीस बंद दुकानावर डकवली. ही बजावणीच नव्हे. सुनावणी मिळाली. पण पायरी २ मधले पत्र आधी गेले असते तर ही झुंज द्यावीच लागली नसती.

पायरी ७: गुन्ह्यात जप्त माल

यासाठी अर्ज न्यायालयात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली खटला चालू असताना मुद्देमालाचा ताबा व विल्हेवाट ठरते. माल न्यायालयासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णनपत्र करायचे आणि छायाचित्रे किंवा चित्रफीत घ्यायची, अशी तरतूद आहे. माल न्यायालयापुढे ठेवलाच नसेल तर कलम ५०३. अर्ज अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४५१ आणि ४५७ लिहून येतात. १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणांत नवे क्रमांक घाला. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे कुजवत ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. त्याचा आधार घ्या.

परवाना निलंबित असताना "माझ्या ताब्यात द्या" ही मागणी करू नका. ती टिकणारच नाही. मागणी अशी हवी: सुपूर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) अमुक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्यास द्यावे. तज्ज्ञाचा अहवाल यायचा असेल तर तो येईपर्यंत थांबावे लागेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

निर्दोष सुटका झाली तर निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाबाबत काय लिहिले आहे ते त्याच दिवशी वाचा. सुटकेच्या आनंदात ही ओळ कुणी वाचत नाही. दोषसिद्धी अपिलात रद्द झाली तर कलम ३२ चा सरकारजमा आदेशही निरर्थक होतो.

पायरी ८: गंजले, कमी भरले, हरवले

खरी भरपाई मागता येते ती इथे. ताब्यात असताना सरकारच्या हातून माल गेला तर सरकारने परत द्यावा किंवा किंमत द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या मेमन महोमद प्रकरणात मांडले. १९७७ च्या बसव्वा प्रकरणात तर पोलिसांच्या ताब्यातून दागिने गेले होते आणि त्यांची किंमत द्यायला लावली.

पण पुरावा तुम्हाला द्यावा लागतो, आणि तो जमा करतानाच तयार होतो. प्रत्येक शस्त्राचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, क्रमांक वाचता येईल असे. नळीत तेल, बाहेरून ग्रीजचा पातळ हात, सुती कापडात गुंडाळून. चामड्याच्या खोळीत घालून जमा करू नका. चामडे ओल धरते आणि बंदूक आतून खाते. पावतीवर "चालू स्थितीत" हे दोन शब्द लिहून घ्या. कारकून "जसे आहे तसे" लिहायला बघतो.

सरकारविरुद्ध दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी. नोटिशीत रक्कम लिहा आणि तिचा हिशोब खरेदी बिलावरून दाखवा.

पायरी ९: सरकारजमा झाल्यानंतरही

उशीर झाला, आदेश झाला, तरी एक दार अर्धे उघडे असते. कलम २१(६) प्रमाणे सरकार सरकारजमा झालेली वस्तू किंवा तिच्या विक्रीची रक्कम, पूर्ण किंवा काही अंशी, केव्हाही परत देऊ शकते. हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे. म्हणून अर्ज गृह विभागाकडे, आणि त्यात मालाची विल्हेवाट लागली आहे का, लागली असल्यास किती रकमेला, ही माहिती आधी माहिती अधिकारात काढून जोडा. माल अजून मालखान्यात पडून असेल तर अर्जाला जोर येतो. नष्ट झाला असेल तर रक्कमच उरत नाही.

ताबा घेताना

आदेश हातात आला की खरेदीदार विक्रेत्याला सोबत घेऊनच ठाण्यात जा. तुम्ही एकट्याने बंदूक उचलायची नाही. मुद्देमाल कारकून नोंदवहीत सही मागेल. सही करण्याआधी प्रत्येक क्रमांक आदेशातल्या यादीशी मोठ्याने वाचून जुळवा, काडतुसे नगाने मोजा, आणि जे कमी किंवा बिघडलेले आहे ते सहीच्या वरच लिहा: "अनुक्रमांक ७ ची नळी गंजलेली, हरकतीसह स्वीकारले." "मिळाले" एवढे लिहून सही केली की पायरी ८ संपली. मग खरेदीदाराच्या साठा नोंदवहीचे पान आणि विक्रीचे बिल यांच्या प्रती गृह शाखेत पोच घेऊन द्या, नाहीतर त्या बंदुका कागदावर पुढची दहा वर्षे तुमच्याच नावावर राहतील.